सासू-सासरे कोलंबसला येताहेत, त्यांना गाव कसं दाखवू?

प्रश्न: आम्ही दोन वर्षांपासून इंडियानातल्या कोलंबसमध्ये राहतो. नवरा इंजिन कंपनीत आहे, माझीही नोकरी आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला सासू-सासरे पुण्याहून दोन महिन्यांसाठी येताहेत. सासरे कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समधून निवृत्त झाले. सासूबाईंचे गुडघे दुखतात, अर्ध्या तासापेक्षा जास्त सलग चालवत नाही. मुलगा सहा वर्षांचा आहे. नवरा म्हणतो, इथे मक्याशिवाय दाखवण्यासारखं काही नाही, नायगारा आणि शिकागो करून आणू. पण ते दोन शनिवार-रविवारचं काम. उरलेले दिवस त्यांनी घरात बसून काढायचे का? गाव इमारतींसाठी प्रसिद्ध आहे असं ऐकलंय, पण इमारती बघून त्यांना कंटाळा नाही का येणार? त्यातल्या निम्म्या तर चर्च. सासूबाई फोनवर म्हणाल्या, ‘आपण तिथे जायचं तरी कसं?’
– एक वाचक, कोलंबस, इंडियाना

उत्तर:

नमस्कार. तुमच्या नवऱ्याचं म्हणणं गावाच्या वेशीबाहेर खरं आहे. तिथे मका आहे आणि सोयाबीन आहे. वेशीच्या आत मात्र पन्नास हजारांच्या वस्तीत सात इमारती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळं म्हणून नोंदलेल्या आहेत. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या वास्तुविशारदांच्या संस्थेने रचनेतल्या नावीन्यासाठी शहरांची क्रमवारी लावली, तेव्हा शिकागो, न्यूयॉर्कसारख्या शहरांच्या पंगतीत हे गाव सहाव्या पानावर बसलं होतं. दाखवण्यासारखं भरपूर आहे. प्रश्न फक्त ते कुठून दाखवायला सुरुवात करायची, याचा आहे.

बहुतेक जण इथेच चुकतात. पाहुणे आले की पहिल्याच शनिवारी इमारतींची यादी काढतात, गाडीत बसवतात आणि एका दुपारी पंधरा ठिकाणं उरकतात. चौथ्या इमारतीनंतर सगळ्या सारख्याच दिसायला लागतात: विटा, काच, सपाट छप्पर. घरी येऊन पाहुणे म्हणतात, ‘छान आहे, स्वच्छ आहे.’ म्हणजे काहीच पोचलं नाही. तुमच्याकडे दोन महिने आहेत आणि सासऱ्यांच्या रूपाने घरात इंजिनाचा जाणकार आहे. तेव्हा सुरुवात इंजिनापासून करा. या गावात ज्या चित्रविचित्र आणि सुंदर गोष्टी उभ्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशांचा खर्च कुठे ना कुठे त्या इंजिनाच्या पैशातूनच झाला आहे.

त्याआधी तिकिटाचं बघा. विमानतळ इंडियानापोलिसचा घ्या. पुण्यामुंबईतल्या एजंटाला नुसतं ‘कोलंबस’ सांगितलं की तो ओहायोच्या राजधानीचं तिकीट काढून ठेवतो, आणि ते कोलंबस तुमच्या घरापासून गाडीने तीन तासांहून जास्त लांब आहे. हीच गफलत फोनच्या नकाशातही होते, म्हणून सासऱ्यांच्या फोनमध्ये घराचा पत्ता राज्य आणि पिनकोडसकट साठवून द्या. इंडियानापोलिसहून ६५ क्रमांकाच्या महामार्गाने दक्षिणेकडे यायला साधारण तासभर लागतो. ६८ क्रमांकाच्या फाट्यावर उतरून गावाकडे वळलात की डोक्यावर लाल कमान लागते आणि पुढे नदीवर १९९९ चा केबलचा पूल. हा पूल असा बसवला आहे की त्याच्या तारांच्या मधोमध कोर्टाच्या जुन्या इमारतीचा मनोरा दिसतो. दिवसाउजेडी येणार असाल तर हाच रस्ता धरा आणि पुलावर येण्याआधी पुढे बघायला सांगा.

पहिली भेट कामाच्या दिवशी ठेवा, आठवडाअखेरीस नको. जॅक्सन स्ट्रीटवरचं कमिन्स या इंजिन कंपनीचं मुख्य कार्यालय १९८३ मध्ये केव्हिन रोश यांनी बांधलं. धान्यगिरणीची एक जुनी विटांची इमारत तिथे होती. ती न पाडता तिच्याभोवतीच नवं कार्यालय गुंडाळलं आहे. गिरणीचं नाव सीरिअलाइन, कारण मक्यापासून केलेला त्या नावाचा खाण्याचा पदार्थ एकोणिसाव्या शतकात तिथे तयार होई. म्हणजे मक्याबद्दल नवरा काही अगदीच चुकीचं बोलत नाही! या कार्यालयाच्या दर्शनी दालनात रुडॉल्फ द हाराक यांनी रचलेलं एक डिझेल इंजिन छतापासून टांगलेलं आहे. त्याचा प्रत्येक भाग सुटा आहे, पण आपापल्या जागेच्या रेषेत तरंगतो आहे, जणू जोडायला घेतलेलं इंजिन मधल्याच क्षणी थांबवलं. सासऱ्यांना तिथे घाई करू नका. नातवाला शेजारी उभं करा आणि आजोबांना खालून वर एकेक नाव सांगू द्या: संप, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पिस्टन, पुशरॉड, व्हॉल्व्ह. कोणता भाग फिरतो आणि कोणता वरखाली होतो, एवढंच पोराला ओळखायला सांगितलं तर अर्धा तास सहज जातो. सासूबाई तोवर बसू शकतील. हे दालन कंपनीचं असल्यामुळे शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी उघडं मिळेल असं धरून चालू नका. जाण्याआधी नवऱ्याला सुरक्षा कक्षात विचारायला सांगा. त्याच्याच कंपनीत त्याला एवढं विचारता येईल.

तिथे उभ्याउभ्या सांगण्यासारखी गोष्ट ही. क्लेसी कमिन्स हा आयर्विन नावाच्या बँकवाल्या कुटुंबाचा मोटारचालक आणि मेकॅनिक होता. १९१९ मध्ये आयर्विनच्या पैशावर त्याने इंजिनाचा कारखाना काढला आणि कंपनीला पहिला नफा दिसला १९३७ मध्ये. अठरा वर्षं मालक पैसे ओतत राहिला. मधे, १९२९ च्या नाताळात, क्लेसीने जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवलं आणि मालकालाच तीतून फिरवून आणलं, तेव्हा कुठे आणखी भांडवल मिळालं. १९३१ मध्ये त्याच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदाही न थांबता पुरी केली. ती आली तेरावी, पण डिझेल टिकतं हे लोकांना कळलं. पुण्यात या कंपनीने किर्लोस्करांबरोबर भागीदारी केली ती १९६२ मध्ये, आणि कर्वेनगरचं मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय तिचं नाव घेऊन १९९१ मध्ये उभं राहिलं. सासऱ्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. आपल्या पगाराच्या पावतीवरचं नाव इथल्या रस्त्यांवर कसं पसरलंय, हे मात्र त्यांना इथे आल्यावरच दिसेल.

आता इमारती. त्यांच्यामागचा व्यवहार एकदा कळला की पुढचं सगळं समजायला सोपं जातं. आयर्विन घराण्यातला पुढच्या पिढीचा जे. आयर्विन मिलर कंपनीचा प्रमुख झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर गावात मुलं वाढली, शाळा अपुऱ्या पडल्या आणि घाईघाईत बांधलेल्या शाळा सुमार निघाल्या. चांगले इंजिनिअर लहान गावात यायचे तर त्यांच्या मुलांना चांगली शाळा हवी. म्हणून १९५० च्या दशकात कमिन्सच्या प्रतिष्ठानने गावापुढे एक प्रस्ताव ठेवला: आम्ही दिलेल्या यादीतला वास्तुविशारद निवडा, त्याची फी आम्ही देतो, बांधकामाचा खर्च तुमचा. पहिली शाळा हॅरी वीझ यांनी १९५७ मध्ये बांधली. पुढे अग्निशमन केंद्रं, पोस्ट ऑफिस असं करत ही प्रथा गावभर पसरली. जॅक्सन स्ट्रीटवरचं पोस्ट ऑफिस याच पद्धतीचं आहे. घरी पत्र टाकायचं असेल तर तिथूनच टाका, कारण ज्या पोस्टात रोज काम चालतं ते आतून बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

चालण्याचा भाग फिफ्थ स्ट्रीटवर करा. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार केला तरी तो झेपेल, कारण मुख्य तीन ठिकाणं एकमेकांसमोर आहेत. सकाळी कामावर जाताना त्यांना क्लिओ रॉजर्स ग्रंथालयाशी सोडा. हे ग्रंथालय आय. एम. पे यांनी १९६९ मध्ये बांधलं. आत बसायला खुर्च्या आणि स्वच्छतागृह आहे आणि कुणी कुणाला उठवत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या भटकंतीला असा एक तळ असला की बाकीचं सोपं होतं. दाराबाहेरच्या चौकात शिल्पकार हेन्री मूरची ब्राँझची कमान उभी आहे, सुमारे वीस फूट उंच. दुरून ती हाडासारखी दिसते आणि जवळ गेलं की दगडासारखी. मूरला ती माणसांनी खालून ये-जा करण्यासाठीच हवी होती, त्यामुळे नातवाला खालून पळू द्या. फक्त वर चढू देऊ नका. ती ग्रंथालयाच्या दारात अशी का, हे कळायला कमानीखाली उभं राहून रस्त्यापलीकडे बघायचं. समोरच्या चर्चचा मनोरा सरळ रेषांचा आणि मधली कमान वळणांची. एकाच्या पार्श्वभूमीवर दुसरं उठून दिसतं.

ते समोरचं फर्स्ट ख्रिश्चन चर्च १९४२ चं आहे. एलिएल सारिनेन या फिनलंडहून आलेल्या वास्तुविशारदाने ते बांधलं. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या आधुनिक चर्चांमध्ये याची गणना होते. मनोरा १६६ फूट उंच, इमारतीला न चिकटता वेगळा उभा. गावातल्या इतर चर्चांसारखे टोकदार शेंडे आणि रंगीत काचा शोधू नका, त्या नाहीत. दर्शनी भिंतीवरचा क्रूस मधोमध नसून एका बाजूला सरकवलेला आहे. आत गेलात तर तो असमतोल पुन्हा दिसतो: एका बाजूने उजेड येतो, दुसरी बाजू शांत. लाकडी सामानावर एलिएलचा मुलगा इरो आणि त्याचा मित्र चार्ल्स ईम्स यांचा हात फिरलेला आहे आणि भिंतीवरचं मोठं विणकाम एलिएलच्या बायकोच्या, लोयाच्या हातमागशाळेतलं. वडील, आई, मुलगा, सगळे एका वास्तूत. सासूबाईंना हे आवडेल.

आणि चर्चमध्ये जायचं तरी कसं, या त्यांच्या शंकेचं उत्तर. इमारत बघायला आलेल्यांची इथे सवय आहे, कुणी तुम्हाला काही विचारत नाही. बूट काढायचे नाहीत, हे आपल्याला सगळ्यात चमत्कारिक वाटतं. टोपी असेल तर पुरुषांनी काढावी. हात जोडायचे की नाही, ते आपलं आपण ठरवावं. मागच्या बाकांवर शांतपणे बसलं तरी चालतं. पुढच्या वेदीच्या पायऱ्यांवर चढून फोटो काढू नयेत. रविवारी सकाळी प्रार्थना असते आणि मधल्या दिवशी लग्न किंवा अंत्यविधी असू शकतो. दार बंद असेल किंवा आत विधी चालू असेल तर परत फिरावं. आतलं दालन कधी उघडं असतं हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, म्हणजे पायांना हेलपाटा नाही.

विचारायचं कुठे, तर याच रस्त्यावरच्या पर्यटक केंद्रात. ५०६ क्रमांकाची ही इमारत मुळात १८६४ मधलं विटांचं घर. जिन्यात डेल चिहुली यांचं पिवळ्या काचेचं झुंबर लटकतंय, तोंडाने फुंकून केलेल्या शेकडो काचतुकड्यांचं. त्यासाठी वेगळं तिकीट नाही. इथेच छापील नकाशा घ्या आणि इथेच मिलर यांच्या घराची तिकिटं मिळतात.

त्या घराबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण ठरवून न गेल्यामुळे सगळ्यात जास्त हिरमोड तिथेच होतो. इरो सारिनेनने हे घर मिलर कुटुंबासाठी १९५७ मध्ये पुरं केलं. आतली सजावट अलेक्झांडर जिरार्डची, बाग डॅन काइलीची. कुटुंबाने ते इंडियानापोलिसच्या कलासंग्रहालयाला दिलं आणि २०११ पासून ते लोकांना बघता येतं. पण स्वतः गाडी घेऊन दारात गेलात तर फाटक बंद मिळेल. पर्यटक केंद्रातून छोटी गाडी थोड्या लोकांना घेऊन जाते आणि साधारण दीड तासात परत आणते. ऑक्टोबरमधल्या शनिवारच्या जागा फार लवकर संपतात. तुम्ही दोघं कामावर असलात तरी चालेल, आठवड्याच्या मधल्या दिवसाची फक्त दोन तिकिटं काढा, सासू-सासऱ्यांची. मुलाला पाठवू नका. आत काही हाताळता येत नाही, कशावर बसता येत नाही, आणि सहा वर्षांच्या पोराला दीड तास हे सांगत राहणं म्हणजे त्यांचाही आनंद घालवणं. बुकिंग करतानाच गुडघ्यांबद्दल सांगा आणि फोटोंचे नियम विचारून घ्या.

आत काय बघायचं? दिवाणखान्याच्या मध्यभागी जमीन चौकोनी खाली उतरवली आहे आणि बैठक त्या खळग्यात आहे. जुन्या वाड्यातला चौक जसा ओसरीच्या पातळीखाली असतो, तसं. बसलेली माणसं खाली असल्यामुळे खोलीतून पलीकडच्या बागेपर्यंतची नजर अडत नाही. खळग्यातल्या उशांचे अभ्रे मिलर कुटुंब ऋतूप्रमाणे बदलत असे, उन्हाळ्यात फिके आणि थंडीत गडद. एका भिंतीला पन्नास फूट लांबीचं कपाट आहे, त्यात देशोदेशींच्या लोककलेच्या वस्तू. जिरार्डला आपल्याकडच्या कापडाची आणि खेळण्यांची मोठी ओढ होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात १९५५ मध्ये भारतीय वस्त्रं आणि अलंकारांचं जे प्रदर्शन झालं, त्याची मांडणी त्याचीच. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या कपाटापाशी त्यांची नजर आपोआप थांबेल. बाहेर पडल्यावर काइलीच्या झाडांच्या रांगा बघायला विसरू नका. घराच्या खोल्या जशा आखल्या तशाच बागेतही त्याने झाडांच्या आणि कुंपणांच्या खोल्या आखल्या आहेत.

फिफ्थ आणि वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १९५४ ची काचेची बैठी बँक आहे, इरो सारिनेनचीच. आता ती कमिन्सची सभागृहं म्हणून वापरात आहे, त्यामुळे बाहेरूनच बघायची. तेव्हाच्या बँका म्हणजे दगडी खांब आणि खिडकीत पिंजऱ्यामागे बसलेला कारकून. या बँकेने पिंजरे काढले आणि भिंतींच्या जागी काच लावली, म्हणजे शेतकऱ्याला आत यायला भीती वाटू नये. छपरावर नऊ छोटे घुमट आहेत. ते मोजायचं काम नातवाला द्या.

नातवासाठी खरी मौज वॉशिंग्टन स्ट्रीटवर आहे. किड्सकॉमन्स हे मुलांचं संग्रहालय ३०९ क्रमांकावर. तिथे एक अवाढव्य कमोड आहे. मुलं त्यात शिरतात आणि नळातून घसरत खाली बाहेर पडतात. सहा वर्षांच्या मुलाला दुसरं काही सांगायची गरज पडणार नाही. तिकीट लागतं, आठवड्यातून काही दिवस बंद असतं, तेव्हा वार बघून जा, आणि मोजे घाला. समोरच द कॉमन्स हे सार्वजनिक सभागृह आहे, तिथे फुकट. आत मुलांना चढायचा एक जाळीदार मनोरा आहे आणि बाहेर बर्फ पडत असला तरी हे खेळणं आतच असल्यामुळे बंद पडत नाही. तुम्ही दोघं हिवाळ्यातही वापराल. त्याच इमारतीत ज्याँ तिंगेलीचं ‘केऑस १’ हे १९७४ चं यंत्रशिल्प: भंगार लोखंडाचं, तीस फूट उंच, सात टनांचं. ते गोलाकार फिरतं, चाकं किरकिरतात, गोळे रुळांवरून घरंगळत जातात आणि खणखणाट होतो. पण सतत नाही. बहुतेक जण ते बंद असताना येतात, एक फोटो काढतात आणि भंगाराचा ढीग समजून जातात. आल्याआल्या आतल्या कर्मचाऱ्यांना पुढची फेरी कधी, ते विचारा आणि त्याप्रमाणे बाकीचं ठरवा. सासऱ्यांनी टांगलेलं इंजिन बघितलं असेल तर हे त्यानंतरच दाखवा. त्या इंजिनात एकही भाग निरुपयोगी नाही आणि या यंत्रातून काहीच निपजत नाही. दोन्ही एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर. ते काय म्हणतात ते आम्हाला जरूर कळवा.

रस्ता ओलांडला की ३२९ क्रमांकावर झाहाराकोज. ग्रीसहून आलेल्या तीन भावांनी १९०० मध्ये काढलेलं आइस्क्रीमचं दुकान. मधे काही वर्षं बंद होतं, मग जुन्या रूपात दुरुस्त होऊन २००९ मध्ये पुन्हा उघडलं. काउंटरमागचे सोड्याचे नळ ऑनिक्स दगडात बसवलेले आहेत, ते १९०४ च्या सेंट लुइस जत्रेतून आले. आणि तिथे १९०८ चा वेल्टे कंपनीचा ऑर्केस्ट्रिऑन आहे. भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर चालणारं हे वाद्य. कागदावरचं भोक सरकत आलं की हवेची वाट मोकळी होते आणि त्या सुराची नळी वाजते. ढोल आणि झांजाही त्याच हुकमावर. हेही सतत वाजत नाही, वाढणाऱ्यांना विचारावं लागतं. खाण्याबाबत एक इशारा: इथला प्रसिद्ध सँडविच चीज घालून भाजलेला असला तरी आत खिमा असतो आणि इथे खिमा म्हणजे बहुधा गोमांस. शाकाहारी मंडळींनी ‘ग्रिल्ड चीज, मांस नको’ असं स्पष्ट सांगावं आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारावं. खरं तर तिथे आइस्क्रीम सोडा प्यायलाच जावं. ग्रीन रिव्हर नावाचा हिरवा लिंबू सोडा मिळाला तर घ्या. आपल्या गोटी सोड्याच्या पिढीला त्याची चव पटते.

बाकीचं गाडीतून. एका रविवारी दुपारी तासभर पुरेल. टिप्टन लेनवरचं नॉर्थ ख्रिश्चन चर्च आधी घ्या: षटकोनी, जमिनीला टेकलेलं, आणि छपरातूनच वर निघालेला १९२ फुटांचा सुळका. इरो सारिनेन १९६१ मध्ये वारला आणि हे १९६४ मध्ये पुरं झालं; त्याचं हे शेवटचं काम. इथली उपासकांची मंडळी २०२२ मध्ये विसर्जित झाली आणि इमारत ग्रंथालयाकडे गेली, म्हणून आत जाता येतं का हे ग्रंथालयातच विचारा. बाहेरून बघायचं तर सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात. मग पंचविसाव्या रस्त्यावरचं चौथ्या क्रमांकाचं अग्निशमन केंद्र, रॉबर्ट व्हेंचुरीचं, १९६७. ते मुद्दाम साधं ठेवलं आहे आणि वर भलामोठा ४ आहे. बंबाच्या दारासमोर गाडी उभी करू नका, घंटा झाली तर तुम्हीच आडवे. परतताना गावातल्या टेलिफोन इमारतीवरून या, आरशाच्या भिंती आणि तांबडे-पिवळे-नारिंगी जाडजूड पाइप; पोरगा ओरडेलच. नव्या शाळा यादीत असतात, पण शाळा चालू असताना त्यांच्या आवारात कॅमेरा घेऊन फिरू नका. सुरक्षेमुळे लोक बिचकतात आणि ते बरोबरच आहे.

मिल रेस पार्क नदीकाठी आहे. फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवुड या दोन नद्या तिथे मिळतात आणि त्यांची पुढे व्हाइट नदीची पूर्व शाखा होते. संगमाची जागा म्हटली की पुराचं पाणी येणारच. पूर्वी या सखल वस्तीला लोक ‘डेथ व्हॅली’ म्हणत. बाग आखली तीच पाणी चढेल हे धरून. २००८ च्या जूनमध्ये तर गावातल्या रुग्णालयापर्यंत पाणी शिरलं होतं. म्हणून मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस तिकडे जाऊ नका. रस्ते बंद असतात, आणि उघडले तरी वाटांवर गाळ असतो, जो दुखऱ्या गुडघ्यांचा शत्रू. कोरड्या दिवशी मात्र सासूबाईंना इथेच आणा. सपाट वाट, बाकं, पाणी, आणि जुना लाकडी छताचा पूल. ऊनपावसात लाकूड कुजू नये म्हणून पुलाला छप्पर, एवढं साधं कारण आहे त्याचं.

तुम्ही विषम सालात बोलावत असाल तर ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत गावभर तात्पुरती बांधकामं आणि शिल्पं मांडलेली असतात. ‘एक्झिबिट कोलंबस’ नावाचा हा उपक्रम दोन वर्षांतून एकदा असतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर चढता-बसता येतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून शेवटापर्यंत ब्राउन काउंटी या शेजारच्या जिल्ह्यातली पानं रंगतात. पश्चिमेला ४६ क्रमांकाच्या रस्त्याने अर्ध्या तासाच्या आत पोचता, पण रंगाच्या शनिवारी तिथल्या नॅशव्हिल गावात गाड्यांची रांग लागते. मंगळवार-बुधवारी अर्धी रजा टाका आणि सकाळी लवकर निघा.

शिकागोला जाताना घड्याळ एक तास मागे करावं लागतं, हे सासऱ्यांना सांगून ठेवा. परतीच्या गाडीची वेळ चुकण्याचं कारण नेहमी हेच असतं.

शेवटच्या आठवड्यात एकदा संध्याकाळी कोर्टाजवळ चला. १८७४ ची ती इमारत तुम्ही आल्या दिवशी पुलावरून पाहिलेली असेल. तिच्या अंगणात चुनखडीचे पंचवीस चौकोनी खांब आहेत, चाळीस फूट उंच, १९९७ चं युद्धस्मारक. दुरून ते नुसते दगड दिसतात. आत शिरा. खांबांच्या आतल्या बाजूंवर या जिल्ह्यातून गेलेल्या आणि परत न आलेल्या सैनिकांची नावं आणि त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रांतले मजकूर कोरले आहेत. ऊन तिरपं असताना अक्षरं वाचता येतात, दुपारी ती दगडात बुडतात. पत्रं इंग्रजीत आहेत, सासूबाईंना तुम्ही एखादं वाचून सांगा. घरच्यांची खुशाली विचारणारी, जेवणाबद्दल लिहिणारी पत्रं आहेत. ती त्यांना समजायला अडचण येणार नाही.

मिलर घराची तिकिटं मात्र विमानाच्या तिकिटासोबतच काढून टाका.